नागपूरची उंच सरकारी इमारत कोणाच्या सोयीची?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:४०

सरळ प्रश्न विचारतो. नागपूरसारख्या ठिकाणी दहा-बारा सरकारी कार्यालये एकाच उंच इमारतीत एकावर एक चढवलेली बरी, की सिव्हिल लाईन्समधल्या जुन्या बंगल्यांसारखी वेगवेगळी, बसकी, व्हरांडेवाली बरी? खेड्यातून येणाऱ्या माणसासाठी बरी, असे विचारतोय. साहेब लोकांना काय बरे पडते ते त्यांचे ते बघतील.

विषय काढायचे कारण असे. मी वर्धा जिल्ह्यातला कास्तकार. शेजारच्या काकाजींचे जमिनीचे अपील चालू आहे, सुनावणीची तारीख होती आणि त्याआधी लेखी म्हणणे द्यायचे होते, म्हणून त्यांना घेऊन गेलो. पहाटेची एसटी, गणेशपेठला उतरून ऑटो. इमारतीचे नाव टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. गेटवर वहीत नाव, गाव, मोबाईल नंबर, कोणाला भेटायचे ते लिहा. आत भिंतीवर कार्यालयांचा फलक, त्यातल्या दोन ओळींवर पांढरा रंग फासलेला. लिफ्ट दोन. एकीवर 'दुरुस्तीचे काम सुरू आहे', दुसरीसमोर रांग. काकाजींचे गुडघे गेलेले, जिना शक्यच नाही. रांगेत उभे राहून वर पोचलो तर बाबू म्हणाले, कागद इथे घेत नाहीत, आवक तळमजल्यावर. खाली आलो तर आवकच्या खिडकीवर कोणीच नाही, जेवणाची सुट्टी. मग कळले की साहेब दौऱ्यावर, तारीख पुढची पडली आहे.

माझे मत आधीच सांगतो. उंच इमारत आतल्या लोकांच्या सोयीची. फाईल चौथ्यावरून सहाव्यावर न्यायला त्यांना बरे. आपल्याला ती फक्त एक उभी रांग. तुमचे अनुभव येऊ द्या.

चौथा_मजला | सोमवार, रात्री ९:५२

लिफ्ट बंद, सर्व्हर डाऊन आणि साहेब मीटिंगमध्ये. तिन्ही एकाच दिवशी जुळून आले तर तो त्रिवेणी योग समजावा आणि तर्री पोहे खाऊन घरी जावे.

सिरोंचा_कट्टा | सोमवार, रात्री १०:१५

पऱ्हाटीभाऊ, तुमचं पटलं नाही.

तुम्ही वर्ध्याकडले. सकाळी निघता, संध्याकाळी घरी येऊन म्हशीचं दूध काढता. आमी सिरोंच्याचे, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचे, आमाले नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. हैदराबाद जवळ पडते त्यापेक्षा, पण आमचा कागद तिकडे चालत नाही ना बावा. आल्लापल्लीच्या अलीकडे-पलीकडे पावसाळ्यात रस्त्याचं काय होते ते विचारू नका. नागपूरले यायचं म्हणजे मुक्काम आला, लॉज आली, नाहीतर भाच्याच्या खोलीवर दाटीवाटीनं झोपणं आलं.

माझे वडील सांगत, त्यांच्या टायमाले एक कार्यालय नागपूरच्या सदर भागात, दुसरं सिव्हिल लाईन्समधे, तिसरं कोण्या शेठच्या भाड्याच्या माडीवर. इथून तिथं पाठवत. ऑटोवाल्याचं भलं होय आणि कार्यालय पाच वाजता बंद. एका दारात दहा कार्यालयं भेटत असतील तर मी दहा मजले पायी चढून जाईन. तुमाले बसकी इमारत पाहिजे, आमाले त्याच दिवशी काम पाहिजे.

अंबानगरी | सोमवार, रात्री १०:३१

सिरोंचा_कट्टा +१.

आम्हा अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांचा हिशोब अजून वेगळा. महसुली अपील अमरावतीला. शासकीय नोकरीतून निवृत्त झालात तर पेन्शनचे कागद महालेखाकारांकडे नागपूरला, कारण विदर्भ आणि मराठवाडा दोन्हींचे काम तिथून चालते. तिथेही अडले तर मंत्रालय. राजधानी मुंबई, उपराजधानी नागपूर, विभाग अमरावती. माणूस एक, गाऱ्हाणे एक, तिकिटे तीन.

घाटाखालचा | सोमवार, रात्री १०:४०

आमी बुलडाण्याचे. आमाले नागपूरपेक्षा संभाजीनगर जवळ. पण कोण विचारते.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०:५८

या सगळ्याले एकच औषध. वेगळा विदर्भ करा, मंग

(प्रतिसाद संपादित)

चावडी_व्यवस्थापक | सोमवार, रात्री ११:०५

वेगळ्या राज्यावर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्ही कुलूपबंद करावे लागले आहेत. इथे इमारतीबद्दल बोला. कोणत्याही कार्यालयाचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव घेऊन तक्रार नको.

निवृत्त_कारकून | मंगळवार, सकाळी ६:२०

पहाटे जाग येते, म्हणून लांब लिहितो. सेवेत होतो, कुठे ते राहू द्या.

पहिली गोष्ट, नागपूरला सरकारी इमारती उंच का झाल्या. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची. तेव्हाच्या सचिवालयाची दगडी इमारत अजून उभी आहे आणि विभागीय आयुक्त तिथेच बसतात. मोठे व्हरांडे, उंच छत, मे महिन्यातही आत गेलो की डोके शांत. पण राजधानी गेली तरी खाती कमी झाली नाहीत, उलट वाढली. जिल्हे वाढले, १९८२ साली गडचिरोली, १९९९ साली गोंदिया. नवीन योजना आली की नवीन कार्यालय, आणि नवीन कार्यालय म्हणजे भाड्याची जागा. घरमालक आणि सरकार यांच्या भाडेवाढीच्या फाईली मीच चालवल्या आहेत, त्या मूळ कामाच्या फाईलींपेक्षा जाड असत. सिव्हिल लाईन्समध्ये नवी जागा येणार कुठून? म्हणून वर चढावे लागले. त्यात हौस नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पऱ्हाटी, तुमच्या काकाजींना कागद द्यायला वर न्यायचे कारणच नव्हते, आणि हे तुम्हाला गेटवर कोणी सांगितले नाही, दोष तिथे आहे. कागद आवक शाखेत जातो. तिथे शिक्का, आवक क्रमांक, तारीख. मग सगळे टपाल साहेबांपुढे, ते कोपऱ्यात शेरा मारतात. तिथून ज्या कार्यासनाचा, म्हणजे ज्या टेबलाचा, विषय असेल तिकडे. लिपिक टिप्पणी लिहितो, त्यावर अव्वल कारकून, मग वरची पायरी, मग अजून वरची. वर चढायचे काम फाईलचे आहे, अर्जदाराचे नाही. अर्जदार वर जातो तो फाईल हलत नाही म्हणून, आणि मग ज्याच्या मागे माणूस उभा त्याचीच फाईल हलते अशी सवय लागते. ही सवय बसक्या इमारतीतही होती. तिथे दमायला होत नव्हते एवढाच फरक.

तिसरी गोष्ट, सुनावणी. तिथे पक्षकाराला हजर राहावेच लागते. मग सुनावणीचे दालन तळमजल्यावर का नाही? पक्षकार बहुतेक म्हातारे, वकिलांच्या हातात गठ्ठे. साहेबांनी खाली यावे. मी सेवेत असताना एकदा हे टिपणीत लिहिले होते, त्यावर 'पाहिले' असा शेरा आला.

चौथा_मजला | मंगळवार, सकाळी ८:०२

'पाहिले' हा शेरा कोण्या विद्यापीठात शिकवतात ते शोधून राह्यलो.

तूरडाळ | मंगळवार, सकाळी ११:१०

कारकूनकाका, प्रतिसाद आवडला. एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहिते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायांना अर्धे तिकीट झाले. त्याने एक बदल झाला, आता गावातल्या बाया एकट्या किंवा दोघी-दोघी तालुक्याला, नागपूरला कामासाठी जातात. आधी घरातला गडी जायचा. पंचाहत्तरीच्या पुढच्या आज्या तर फुकट. पण पोचल्यावर काय? स्वच्छतागृह दर मजल्याला असेल असे नकाशात असते. प्रत्यक्षात एका मजल्याचे 'कर्मचाऱ्यांकरिता', एकाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. माझी जाऊबाई सकाळी निघताना पाणी पीत नाही, का तर 'तिथं जायची पंचाईत'. उन्हाळ्यात बिनपाण्याची बाई रांगेत उभी. अंगावर पिणारे लेकरू असेल तर बसायला आडोसा नाही.

इमारत किती मजली आहे यापेक्षा मी आधी हे पाहीन.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी १:३०

तूरडाळताई, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. कारकूनकाका, टिपणीचा किस्सा जबरी. पण काका, तुम्हीच म्हणता की फाईल चढते आणि मागे माणूसही चढतो. मग मजले वाढले की माणसाचे हाल वाढणारच ना? सिरोंचाभाऊ, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. एका दारात सगळे असावे, पण ते दार आडवे का नसावे?

खडी_गिट्टी | मंगळवार, दुपारी ३:४५

आडवे का नसावे याचे उत्तर जमिनीचा भाव. पण बांधकामवाला म्हणून थोडे तांत्रिक.

राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच ती उंच इमारत. म्हणजे साधारण पाच मजले चढले की आलीच. तिथून नियम बदलतात. आगीच्या वेळी जवानांसाठी वेगळी लिफ्ट लागते आणि ती मिनिटभरात शेवटच्या मजल्यावर पोचली पाहिजे. २४ मीटरच्या वर आगीच्या वेळी लोकांना थांबायला आसऱ्याची मोकळी जागा लागते. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. हे झाले कागदावरचे. आता पुढच्या वेळी जिन्याने उतरून पाहा. प्रत्येक वळणावर मोडकी कपाटे, जुन्या फाईलींचे गठ्ठे, तुटलेल्या खुर्च्या. जिना हा सुटकेचा रस्ता आहे आणि आपण त्याचे गोदाम केले. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली ती चौथ्या मजल्यावर, आणि चढत गेली वर. माणसे गेली, फाईली जळाल्या. त्यानंतर काही दिवस सगळीकडे जिने मोकळे झाले होते. काहीच दिवस.

दुसरा मुद्दा ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नकाशा मात्र मुंबई-पुण्यासारखा. पश्चिमेला काच, पडवी नाही, सज्जे वितभर. मग दुपारी तीनला पडदे ओढायचे, ट्यूबलाईट लावायच्या आणि दर खिडकीला कूलर ठोकायचा. इमारतीकडे बाहेरून पाहा, कूलरच कूलर. त्या प्रत्येकाला पाणी वर चढवावे लागते, ते ठिबकते, भिंतीत मुरते, मुरलेल्या भिंतीतून वायर गेलेली असते. पुढचे सांगायला नको. जुन्या लोकांना इंजिनिअरिंग कमी येत असेल, ऊन कळत होते. उच्च न्यायालयाची नागपूरची जुनी दगडी इमारत भर उन्हाळ्यात आत जाऊन बघा, मग कळेल.

म्हणून माझे म्हणणे, उंच बांधा, पण विदर्भातली बांधा.

सिरोंचा_कट्टा | मंगळवार, सायंकाळी ६:०५

कूलरचं एकदम खरं. आणि त्या कूलरसमोर बाबू बसते, अर्जदार कूलरच्या मागच्या गरम बाजूले. :)

तीन_चाकं | मंगळवार, रात्री ८:५०

मी चाकाच्या खुर्चीवर असतो. वर लिफ्टच्या रांगेबद्दल वाचले. आमची रांग लिफ्टच्या आधीच सुरू होते, उताराशी. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांब उतार हवा. मी जे उतार पाहिले त्यातले काही असे की वरून खाली येताना देव आठवावा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले. फलक लागले, पिवळ्या रंगाच्या ठिपक्यांच्या फरशा बसल्या. एका ठिकाणी ती फरशी थेट झाडाच्या कुंडीत जाते.

पण चांगलेही सांगतो. लिफ्ट बंद होती. मी खालूनच वरच्या कार्यालयात फोन लावला, म्हटले वर येऊ शकत नाही, काय करायचे? एक बाई अधिकारी स्वतः खाली आल्या. पायऱ्यांवर बसून कागद पाहिले, सही केली, कोणता कागद कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. पंधरा मिनिटांत मोकळा. तेव्हा निवृत्त_कारकूनकाकांचे 'साहेबांनी खाली यावे' हे होऊ शकते. एखाद्याच्या चांगुलपणावर न सोडता त्याचा नियम करा, एवढेच.

तूरडाळ | मंगळवार, रात्री ९:०४

हे वाचून बरे वाटले.

झिरो_माईल | मंगळवार, रात्री १०:२२

नागपुरात जन्म गेला, म्हणून थोडे अवांतर. इथल्या सरकारी इमारतींना वर्षातून एकदा घाम फुटतो तो डिसेंबरमध्ये. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरले की सरकारने काही काळ नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन विदर्भात व्हावे. म्हणून हिवाळी अधिवेशन. रवी भवन रंगते, आमदार निवासाच्या गाद्या बदलतात, हैदराबाद हाऊसला मुख्यमंत्र्यांचे कार्यालय थाटले जाते, मुंबईहून फाईलींच्या पेट्या येतात. सरकार आपल्या दारात येते असे म्हणायचे. आणि त्याच दिवसांत इथल्या कार्यालयात गावचा माणूस गेला तर त्याला ऐकावे लागते, 'अधिवेशन आहे, नंतर या.' सगळे कर्मचारी आमदारांच्या तारांकित प्रश्नांची उत्तरे गोळा करण्यात.

मोर्चे निघतात ते याच दिवसांत. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव असेच निवेदन घेऊन आले होते. विधानभवनाजवळ चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. बाया आणि लेकरे जास्त. निवेदन घ्यायला कोणी वेळेवर बाहेर आले नाही, ही सल अजून बोलली जाते. झिरो माईलजवळ स्मारक आहे. सरकारी इमारत आणि माणूस यांच्यातले अंतर म्हटले की मला मजले आठवत नाहीत, ते आठवते.

निवृत्त_कारकून | बुधवार, सकाळी ६:०५

झिरो_माईल, त्या दिवशी कार्यालयात होतो. जास्त लिहीत नाही.

घाटाखालचा | बुधवार, सकाळी ९:३०

मंत्रालयात २०१८ ले जाळी बांधली होती ना, लोकं वरून उडी मारतात म्हणून? तेच आठवलं. गाऱ्हाणं घेऊन माणूस वरच्या मजल्यावर जाते आणि सरकार मधात जाळी बांधते.

चावडी_व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ९:५५

खरे आहे, पण तो विषय नाजूक आहे, तपशिलात शिरू नये ही विनंती.

सेतू_वाला | बुधवार, दुपारी १२:४०

सगळे प्रतिसाद वाचले. मी तालुक्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, म्हणून विचारतो, तुम्ही मुळात जाताच कशाला?

सातबारा, आठ-अ यांची डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत मोबाईलवर निघते, ती सगळीकडे चालते. उत्पन्न, जात, रहिवासी दाखले आमच्याकडून होतात. त्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, तरी लोक वेंडरच्या रांगेत उभे राहून स्टॅम्प पेपर घेऊन येतात, कारण कोणीतरी सांगितलेले असते. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा असेल तर अर्जाची पोच द्यावीच लागते, किती दिवसांत काम होईल ते ठरलेले असते. मुदतीत नाही झाले किंवा नाकारले तर पहिले अपील, दुसरे अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड.

आणि माहिती अधिकार. १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट. तो अर्ज कोणत्या मजल्यावर द्यायचा याची चिंता नको. चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, कलम ६(३). फक्त महाराष्ट्रात एक अर्ज एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेवढे पाळा. रामायण लिहू नका. काकाजींनी 'माझे अपील सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, त्याच्या रोजनाम्याची प्रत द्या' (रोजनामा म्हणजे प्रकरणात तारखेगणिक काय झाले त्याची नोंद) एवढे एका ओळीत मागितले असते तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

सिरोंचा_कट्टा | बुधवार, दुपारी १:१०

सेतूभाऊ, तुमचं सगळं बरोबर, पण आमच्याकडे टॉवर आहे आणि नेटवर्क नाही. ओटीपी येते तेव्हा वेळ संपलेली असते. म्हाताऱ्याचा अंगठा मशीन घेत नाही, नांगर धरून रेघा पुसल्या त्याच्या. आणि अपिलाची सुनावणी मोबाईलवर कोण घेते? ते नागपूरलेच.

सेतू_वाला | बुधवार, दुपारी १:२२

अंगठ्याचे मान्य. आमच्याकडेही तेच होते, मग डोळ्याचे मशीन काढतो. सर्वांकडे ते नाही.

चौथा_मजला | बुधवार, दुपारी १:३०

डोळ्यात मोतीबिंदू असला तर?

सेतू_वाला | बुधवार, दुपारी १:३३

तर नागपूर.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, दुपारी २:१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

अंबानगरी | बुधवार, सायंकाळी ५:००

एक गोष्ट मात्र सेतू_वाला विसरले. अनुसूचित जमातीच्या जात पडताळणीची समिती जिल्ह्याजिल्ह्यात नाही, मोजक्याच ठिकाणी आहे. मेळघाटातल्या पोराला वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळाला की बापासोबत आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना कोतवाल पंजीचा (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा) उतारा घेऊन यावेच लागते. धारणीहून. त्या पोराला इमारत आडवी की उभी याचे काय? त्याला फलकावर लिहिलेले कळले पाहिजे आणि कोरकू बोलणारा एखादा माणूस खाली मदतीला भेटला पाहिजे.

पऱ्हाटी | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. आता धागा काढण्यामागचे खरे कारण सांगतो, आधी सांगितले असते तर सगळे तिकडेच गेले असते.

आमच्या तालुक्याला नवीन मध्यवर्ती प्रशासकीय इमारत व्हायची चर्चा आहे. तळमजला आणि वर दोन. सध्या तहसील एकीकडे, भूमी अभिलेख दुसरीकडे, दुय्यम निबंधक बाजारात एका माडीवर, कृषीचे कार्यालय गावाबाहेर. एकत्र येणार हे चांगलेच, सिरोंचाभाऊंनी ते पटवले. पण कोणते कार्यालय कोणत्या मजल्यावर हे ठरायच्या आत आम्हा चार-पाच गावांना निवेदन द्यायचे आहे. तळमजल्यावर सगळी मावणार नाहीत. तुम्ही कोणती खाली ठेवाल?

तूरडाळ | बुधवार, रात्री ९:२८

संजय गांधी निराधार आणि पुरवठा. विधवा, म्हातारे, रेशनकार्डवाल्या बाया तिथेच येतात. आणि स्वच्छतागृह खाली, किल्ली खिळ्याला.

निवृत्त_कारकून | गुरुवार, सकाळी ५:५०

दुय्यम निबंधक खाली, यात शंका नको. खरेदीखताला म्हातारा विकणारा, त्याचे साक्षीदार, कधी खाटेवरून आणलेला माणूस येतो. मी लोकांना खुर्चीसकट उचलून जिना चढवताना पाहिले आहे. आवक सगळ्या कार्यालयांची मिळून एकच आणि ती दाराशी. तिथला माणूस जेवायला गेला तर बदली दुसरा बसला पाहिजे. भूमी अभिलेख मात्र वर न्या. जुने नकाशे, टिपण, गटवारीचे कागद तळमजल्यावर ठेवले की ओल आणि वाळवी. एका ठिकाणी वाळवीने जमीन बंदोबस्ताच्या (जुन्या मोजणी-आकारणीच्या) नोंदी खाल्ल्या आणि त्यावरून भावकीचे दावे अजून चालू आहेत.

खडी_गिट्टी | गुरुवार, सकाळी ९:४०

काका, वाळवीचे बरोबर, पण अभिलेख कक्ष वर नेला की वजनाचा प्रश्न. भारतीय मानक ८७५ मध्ये साध्या कार्यालयाच्या खोलीला जेवढा भार धरतात त्याच्या दुप्पट फाईलींच्या खोलीला धरावा लागतो. नकाशा काढतानाच ती खोली ठरली पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर 'रेकॉर्ड वरच्या हॉलमध्ये हलवा' असा आदेश निघतो आणि स्लॅबला कोणी विचारत नाही. त्यापेक्षा तळमजल्यावरच ठेवा, जोते तीन फूट उंच घ्या, पायात वाळवीची प्रक्रिया करा, रॅक लोखंडी आणि भिंतीपासून लांब.

निवृत्त_कारकून | गुरुवार, सकाळी १०:१५

वाळवीची प्रक्रिया अंदाजपत्रकात असते. पायात असते का ते सांगा.

खडी_गिट्टी | गुरुवार, सकाळी १०:२०

माझ्या साईटवर असते. :)

आणि जोते तीन फूट घेतले की तीन_चाकं यांच्या हिशोबाने ३६ फूट उतार लागेल, मध्ये सपाट टप्पा देऊन. त्याला जागा नकाशातच सोडा. नाहीतर शेवटी कंत्राटदार उरलेल्या मालात उतार करून देतो.

तीन_चाकं | गुरुवार, सकाळी ११:०२

आणि उताराच्या तोंडाशी मोटरसायकली लावू देऊ नका. हे निवेदनात वेगळे कलम म्हणून लिहा.

सिरोंचा_कट्टा | गुरुवार, दुपारी १२:३०

झाडं तोडू देऊ नका. निंबाखाली बसून आमी अर्ध्या सुनावण्या काढल्या. पाण्याचा माठ आणि बसायले ओटा पाहिजे, स्टीलची खुर्ची उन्हाळ्यात चटका देते.

पऱ्हाटी | गुरुवार, रात्री ८:४०

सगळे लिहून घेतले. अभिलेखावर काका आणि खडी_गिट्टी यांचे जुळले नाही, ते निवेदनात 'वाळवी आणि भार दोन्हींचा विचार करून' असे लिहितो, पुढे त्यांचे ते बघतील. शेवटचा प्रश्न सेतू_वालांना. नकाशा तयार झाला आहे म्हणतात, पण कोणी दाखवत नाही. माहिती अधिकारात मागता येईल का? मोठ्या नकाशाची प्रत महाग पडते असे ऐकले.

सेतू_वाला | गुरुवार, रात्री ९:१०

येईल. प्रत आत्ताच मागू नका, आधी अवलोकन मागा. अर्जात 'सदर इमारतीचा मंजूर आराखडा आणि मजलानिहाय कार्यालय वाटपाची फाईल पाहावयास मिळावी' एवढेच लिहा. पाहायला पहिला तास फुकट असतो. जाताना खडी_गिट्टींसारखा नकाशा वाचता येणारा एक माणूस सोबत न्या, आणि पाहून झाल्यावर पाहिजे तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. अर्ज बांधकाम उपविभागाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. मसुदा उद्या दुपारपर्यंत इथेच टाकतो, सकाळी केंद्रात पीकविम्याची गर्दी आहे.